पहिलं पोतं

"मग हाडच की हो ते," तातोबा म्हणाला. "हाड आन् हाडावानी, ह्यात फरक त्यो काय?"

डॉक्टर हुद्दार बाई हसल्या नाहीत. त्यांनी टेबलाच्या खणातून एक पांढरा गोळा काढला, पेढ्याएवढा. तातोबाच्या कवटीला पडलेलं भोक ज्यानं बुजवलं होतं, त्याच मालाचा तो गोळा होता. एक भुकटी आणि पाण्यासारखं औषध एकत्र मळून हे करतात, असं त्यांनी सांगितलं. कणकेसारखं झालं की भोकात भरायचं, कवटीच्या गोलाईत बसवायचं, आणि थोड्या वेळात ते आपोआप घट्ट होतं. आपलं हाड कॅल्शियम-फॉस्फेटचं असतं आणि हेही त्याचंच, फक्त माणसाचं नाही की जनावराचं नाही, कारखान्यात केलेलं. वर्षं गेली की कडेनं आपलं स्वतःचं हाड हळूहळू त्यात शिरतं. "शिरलं तर," असं त्या पुढं म्हणाल्या आणि ते मला आवडलं नाही.

मग त्यांनी गोळा टेबलावर ठेवला आणि अंगठ्यानं जोर लावून दाबला. काही झालं नाही. तातोबाला म्हणाल्या, तुम्ही दाबा. तातोबाचा अंगठा म्हणजे दाराचा अडसर. त्यानं दात ओठ खाऊन दाबला, तरी गोळा तसाच. तो माझ्याकडे बघून खूश झाला. तेवढ्यात बाईंनी काचेचा पेपरवेट उचलला आणि गोळ्यावर एक टोला दिला. गोळ्याचे तुकडे झाले आणि टेबलभर पांढरी पूड उडाली.

"दाब सोसतं, दणका सोसत नाही," बाई म्हणाल्या. "डोक्यावर ओझं घ्यायचं नाही. आता नाही आणि पुढंही नाही."

खोलीत तातोबा, त्याची बायको शेवंता आणि मी असे तिघं होतो. मी त्याचा जोडीदार. आम्ही हळदीच्या पेठेतले हमाल. पोत्याचं एक टोक मी धरायचं, दुसरं त्यानं, असं मिसरूड फुटल्यापासून चाललेलं. सख्ख्या भावाशी जमलं नसतं इतकं माझं त्याच्याशी जमत होतं. दवाखान्यातून मिरजेच्या स्टँडपर्यंत चालत येताना तातोबा फक्त अंगठ्याची गोष्ट बोलत होता आणि शेवंता वहिनी फक्त पेपरवेटची. दोघांनी एकाच खोलीत एकच गोष्ट पाहिली होती, यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

हे सगळं झालं होतं ट्रकच्या फाळक्यामुळे. आदल्या उन्हाळ्यात माल उतरवताना मागचा फाळका सुटला आणि त्याची लोखंडी कड तातोबाच्या टाळूला लागली. हाड आत दबलं, चुरा झाला, त्यात माती आणि हळद गेली. डॉक्टरांनी ते तुकडे काढून टाकले आणि जखम स्वच्छ होईपर्यंत तशीच ठेवली. कित्येक महिने त्याच्या डोक्यावर अर्ध्या लिंबाएवढी जागा बिनहाडाची होती. नुसती कातडी, आणि ती तान्ह्या पोराच्या टाळूसारखी उडायची. शेवंता वहिनी त्याला न्हाऊ घालताना तिकडे बघायचीच नाही. मी एकदा पाहिलं आणि दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

ते भोक बुजल्यावर खरं तर आम्ही सगळ्यांनी सुटलो म्हणायला हवं होतं. पण त्या पांढऱ्या तुकड्यानंच घोळ केला. भोक होतं तोवर तातोबा आजारी माणूस होता आणि गुमान बसत होता. भोक बुजलं आणि त्याला वाटायला लागलं की आपण धडधाकट झालो.

टोळीचे मुकादम सिद्राम अण्णा. माणूस कमी बोलणारा आणि शब्दाचा पक्का. त्यांनी तातोबाला पोती शिवायला बसवलं होतं. हातात दाभण आणि सुतळी घ्यायची आणि भरलेल्या पोत्यांची तोंडं शिवत बसायचं. हे काम आमच्यात म्हातारे करतात, ज्यांची कंबर गेली, गुडघे गेले ते. तातोबा चाळिशीही न गाठलेला गडी, त्यांच्या रांगेत बसायचा. पेठेत चेष्टा तर चालणारच. कुणी म्हणायचं, तात्या, आमच्या चड्डीची नाडी पण ओवून दे. तो हसायचा, पण संध्याकाळी घरी जाताना माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही.

आमच्या टोळीची एक रीत होती. लांबलेल्या आजारपणातून किंवा कुठून बाहेरून परत आलेल्या गड्याला सरळ कामाला लावत नसत. खंडेनवमीला आकड्यांची पूजा व्हायची. पोत्याला अडकवायचे आमचे लोखंडी आकडे धुऊन, हळदकुंकू लावून मांडायचे. पूजा झाली की त्या गड्यानं सगळ्या टोळीसमोर पहिलं पोतं डोक्यावर घेऊन थप्पीवर नेऊन ठेवायचं. पोत्याचं एक टोक मुकादम स्वतः उचलणार, दुसरं त्याचा जोडीदार. पोतं थप्पीवर पोचलं की त्याची जागा त्याची. नाही पोचलं, किंवा तो उभाच राहिला नाही, तर जागा दुसऱ्याला जायची आणि तो कायमचा दाभणाचा धनी. यात दयामाया नव्हती आणि कुणाचं वाईट चिंतणंही नव्हतं. ज्याच्या डोक्याचा भरवसा नाही त्याच्याबरोबर थप्पीला लावलेल्या फळीवर चढायचं म्हणजे दुसऱ्याचाही जीव जातो.

श्रावण संपता संपता तातोबानं अण्णांना सांगून टाकलं की यंदा मी पहिलं पोतं घेणार.

शेवंता वहिनी माझ्या घरी आली ती उन्हातून, पदरानं तोंड पुसत. तिनं मला सांगितलं की भावोजी, त्यांना तुम्हीच समजवा, मी सांगून दमले. ती रडली नाही, पण ओसरीवर बसली तिथून लवकर उठेना. मी गेलो. तातोबानं मला हाडाचा सगळा हिशेब समजावून दिला. पोतं म्हणजे दाब, म्हणाला. पोतं काय वरून पडतं व्हय? दोघं जण ठेवतात, आपण घेतो, दाब पडतो. दाब सोसतं असं बाई स्वतः म्हणाल्या. आणि खरं सांगायचं तर मला त्यात चूक सापडेना. मला फक्त भीती वाटत होती, आणि नुसत्या भीतीनं कुणाला गप्प बसवता येत नाही.

"एक ध्यानात ठेव, मल्लू," तो म्हणाला. "त्या दिशी पोतं भरल्यालंच पायजे. माझ्यावर दया करून हलकं ठिवशिला, तर मी तुमचं कुनाचं तोंड बघनार न्हाई. तुला माझी शपत."

मी म्हटलं, बरं.

त्यानंतरचे दिवस मला आवडले नाहीत. तातोबाला एक सवय लागली होती. बोलता बोलता बोटाच्या पेरानं तो डोक्यावरच्या त्या जागेवर टकटक करायचा. बाकी कवटीचा आवाज आणि त्या जागेचा आवाज वेगळा यायचा, का मलाच तसं वाटायचं, देव जाणे. पेठेतले लोक पाया पडल्यासारखे वाकून त्याच्या डोक्याकडे बघायचे. माणसाकडे कुणी बघतच नव्हतं. पूजेच्या आदल्या दिवशी मी सिद्राम अण्णांना बाजूला घेतलं. मी म्हटलं, अण्णा, त्याला नको म्हणून सांगा की. ते म्हणाले, रीत आहे, मी कोण नको म्हणणार? पण हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते. शेवंता वहिनीही एकाएकी निवळली होती. नवऱ्याला चुंबळ तिनंच करून दिली, जुन्या लुगड्याची, मऊ.

खंडेनवमीच्या सकाळी पूजा झाली, आरती झाली. टोळी गोल करून उभी राहिली. तोलायच्या मोठ्या लोखंडी काट्याशेजारी पोतं ठेवलेलं होतं, तोंड शिवलेलं, बाहेरून हळदीनं पिवळंधमक. हळकुंडांच्या पोत्यावर बाहेरून गाठी गाठी दिसतात, तशा त्याच्यावरही दिसत होत्या. तातोबानं चुंबळ टाळूवर बसवली. टाळूवरची ती जागा चुंबळीच्या आत झाकली गेली. त्यानं मला डोळा घातला आणि गुडघ्यावर हात टेकून वाकला.

इथं हमालाची एक गोष्ट सांगायला हवी, नाही तर पुढचं कळणार नाही. हमाल पोत्याचं वजन हातानं अजमावत नाही, डोळ्यानं अजमावतो. हळदीचं पोतं दिसलं की त्याची मान, पाठ, मांड्या, सगळं त्या वजनाला आपोआप तयार होतं. उचलणारे "हं" म्हणतात त्या क्षणी खालचा गडी गुडघ्यातून सगळं बळ लावून वर येतो, पोत्याला भेटायला. हे विचार करून होत नाही, वर्षानुवर्षांनी अंगात बसलेलं असतं. तेव्हा थांबता येत नाही.

अण्णांनी पोत्याचा एक कान, म्हणजे कोपरा, धरला, मी दुसरा धरला. अण्णा "हं" म्हणाले. मी रोजच्या ताकदीनं पोतं वर ओढलं आणि ओढता ओढताच कळलं. पोत्यात काही नव्हतं. म्हणजे होतं, पण हळद नव्हती. माझी बाजू उशीसारखी वर उडाली. अण्णांना ठाऊक होतं म्हणून त्यांनी बेतानं उचललं होतं, त्यांची बाजू खालीच राहिली. तातोबा खालून सगळ्या जोरानं वर आला आणि त्याच्या डोक्याला तोलायला वर काहीच नव्हतं. पोतं तिरकं होऊन त्याच्या खांद्यावरून घसरलं, तो पुढं झेपावला, पाय पायात अडकला, आणि डाव्या कुशीवर पडताना त्याचं कानशील काट्याच्या लोखंडी कडेवर लागलं.

आवाज फारसा झाला नाही.

सगळे धावले. कुणी त्याला बसवलं, कुणी पाणी आणलं, आणि सगळ्यांनी त्याचे केस बाजूला करून ती टाळूवरची जागा चाचपली. मीही चाचपली. ती जशीच्या तशी होती, गुळगुळीत आणि घट्ट. "काय नाही झालं, हाय तसं हाय," कुणीतरी ओरडलं आणि टोळीनं श्वास सोडला. कानशिलावर सुपारीएवढी सूज आली होती, तिच्याकडे कुणी पाहिलं नाही, आणि बाजूला पडलेल्या पोत्याकडेही नाही. तातोबा स्वतः हसला. अण्णांनी सगळ्यांना प्रसादाला पाठवून दिलं. मी हात धरून तातोबाला उभं केलं, तर तो सरळ त्या पोत्याकडे गेला. एका हातानं कान धरून त्यानं ते उचललं आणि हलवलं. आतून वाळलेल्या पाल्यासारखा खसखस आवाज आला.

"शेंगाची टरफलं," तो म्हणाला.

अण्णा म्हणाले, "तुझ्या भल्यासाठनं केलं, तातोबा."

"माझं डोस्कं कच्चं वाटलं व्हय तुमास्नी?"

अण्णांनी पोतं उचलून आत गाळ्यात नेलं आणि बाहेर आलेच नाहीत. तातोबा माझ्याकडे वळला.

"तुला ठावं हुतं?"

"न्हाई."

"शपत?"

"आईची शपत, तात्या."

त्याचा विश्वास बसला, हे मी आजवर जपून ठेवलं आहे. आम्ही थप्पीला टेकून खाली बसलो. त्यानं अंगावरची हळद झटकली. मग म्हणाला, "घरी शेवंतीला सांग, भरल्या पोत्याखाली पडलो. टरफलाखाली पडलो म्हनू नगंस. तेवढं कर माझ्यासाठनं."

मी कबूल केलं. मला वाटलं, लाज राखायची आहे गड्याला, एवढंच. मी त्याला चेष्टेनं म्हटलंसुद्धा की पुढच्या वर्षी दोन पोती देतो एकदम. चहा आला. त्यानं कप तोंडाला लावला तर चहा ओठाच्या एका कोपऱ्यातून गळायला लागला आणि त्याला ते कळतच नव्हतं. डोकं दुखतंय म्हणाला, त्या डाव्या बाजूला. मग ओकला. मग त्याला झोप यायला लागली. मी त्याला हाका मारत होतो आणि तो डोळे उघडायचा, माझ्याकडे बघायचा, पुन्हा मिटायचा. पेठेतल्याच एका टेम्पोत घालून आम्ही त्याला मिरजेला नेलं. वाटेत एकदा त्यानं माझा हात दाबला, त्यानंतर नाही.

हुद्दार बाईंनी फोटो काढले आणि त्याला लगेच आत नेलं. जाता जाता मला सांगितलं ते असं. आम्ही घातलेला तुकडा जागच्या जागी आहे, त्याला तडासुद्धा गेलेला नाही. कानशिलापाशी माणसाचं हाड पातळ असतं, ते तडकलं आहे. त्याखालची शीर फुटली आणि साठलेल्या रक्तानं मेंदू दाबला गेला. अशा वेळी माणूस थोडा वेळ अगदी बरा दिसतो आणि तेवढ्यातच वेळ जातो. मला त्यांच्या बोलण्यातलं एकच कळत होतं, की आम्ही सगळे भलत्याच जागेला जपत होतो.

संध्याकाळी शेवंता वहिनी आली. तोवर सिद्राम अण्णाही आले होते आणि पॅसेजच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून उभे होते. वहिनीनं त्यांना पाहिलं, पण त्यांच्याकडे गेली नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज अगदी हळू होता.

"भावोजी, मी अण्णांच्या पाया पडले हुते. टरफलाचं पोतं ठिवतो म्हनून त्यांनी मला शबूद दिला हुता. ह्यांना कळू द्यायचं न्हाई, तुमाला पन न्हाई, असं ठरलं हुतं. टरफलाचंच हुतं न्हवं? मग ह्यांचा तोल गेला कशानं?"

इतका वेळ मी अण्णांना मनातल्या मनात शिव्या देत होतो. माझ्यासमोर ती बाई उभी होती, जिनं नवऱ्याचा जीव वाचवायला दुसऱ्या माणसाच्या पायावर डोकं ठेवलं होतं. तिला अजून उत्तर ठाऊक नव्हतं. पण ती विचार करणारी बाई होती. मी गप्प राहिलो असतो तर घरी जाईपर्यंत तिला उत्तर सापडलं असतं, आणि मग त्यानं तिला उरलेल्या जन्मात सोडलं नसतं.

"टरफलाचं नव्हतं, वहिनी," मी म्हटलं. "पूजेच्या आधी मला ते कळलं. मी बदललं. भरलेलं ठेवलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"त्यानं मला शपथ घातली होती," मी म्हटलं. "हलकं द्यायचं नाही म्हणून."

"तुमच्या हातानं बदललं?"

"माझ्या हातानं."

पॅसेजच्या टोकाला अण्णांनी मान वळवली. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते जागचे हलले नाहीत. शेवंता वहिनी ओरडली नाही. तिनं मला मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "आता माझ्या म्होरं येऊ नगा." मग ती जाऊन आतल्या दाराशी बसली आणि मी बाहेर रस्त्यावर येऊन उभा राहिलो. तातोबा दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. शुद्धीवर आलाच नाही. तिरडीला खांदा द्यायला मला कुणी पुढं होऊ दिलं नाही.

पेठेत गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. मल्लूनं जोडीदाराच्या फुटक्या डोक्यावर भरलेलं पोतं दिलं, हे सगळ्यांच्या तोंडी झालं. काही दिवस माझ्याबरोबर पोतं उचलायला कुणी तयार नव्हतं. माझी बायकोसुद्धा माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघायची, आणि तिलाही मी सांगितलं नाही. बायकांच्या पोटात राहत नाही असं नव्हे, माझ्याच तोंडून एकदा निघालं असतं तर मग थांबलं नसतं. शेवंता वहिनीला अण्णांनी हळद निवडायच्या कामावर घेतलं. रोज सकाळी ती माझ्या समोरून जायची आणि मला पाहिलं की पदर ओढून घ्यायची. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. पण तिच्या अंगावर मांस चढलं, तिच्या पोरी शिकल्या, ती निवडणाऱ्या बायकांत बसून हसायलाही लागली. ती हसताना दिसली की मी माझा आकडा घेऊन दुसरीकडे जायचो.

सिद्राम अण्णा शेवटच्या दुखण्यात होते तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. मला ओझं झालंय, मल्लू, म्हणाले, तिला खरं सांगून टाकतो. मी त्यांना स्वच्छ सांगितलं, की तुमचं ओझं तुम्ही घेऊन जा. मोठ्या माणसाशी मी असा कधी बोललो नव्हतो. ते न सांगताच गेले.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला मी पेठेत बाकावर बसलो होतो. आता मी पोती शिवतो. शेवंता वहिनी धाकट्या मुलीच्या नव्या नवऱ्याला पेठ दाखवायला घेऊन आली होती. पोरगा चांगला होता, शहरात नोकरी करणारा. म्हातारा माणूस पाहून त्यानं मला हात जोडले आणि तिला विचारलं, हे कोण?

मला वाटलं, ती पदर ओढून पुढं जाईल. ती थांबली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. तिचेही केस पांढरे झाले होते.

"तुमच्या सासऱ्याच्या डोक्यावर शेवटचं पोतं ह्यांनी दिलं," ती म्हणाली. "भरल्यालं."

पोराचे जोडलेले हात खाली आले.

मी दाभण बाजूला ठेवलं. म्हटलं, "व्हय. भरल्यालं हुतं."